दोन दिवस रानात, पण सुटी साऱ्या घराची

शनिवार-रविवारी कुठेतरी बाहेर जाऊन यावे, अशी भाषा आता आपल्या वस्तीतल्या बऱ्याच घरांतून ऐकू येते. एक काळ असा होता की बाहेरगावी जाणे म्हणजे लग्न, मयत, नाहीतर सहा डिसेंबरची मुंबई. निव्वळ विसाव्यासाठी घराला कुलूप लावायचे, ही कल्पनाच आपल्या आईवडिलांना ठाऊक नव्हती. आता मुले शिकली, नोकऱ्या लागल्या, चार पैसे हाती आले. तेव्हा सहलीला जाऊ नका असे कोण म्हणेल? अवश्य जा. पण जाण्यापूर्वी आमचा एक फजितीचा अनुभव ऐकून घ्या.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका धरणाकाठी दोन दिवस मुक्कामाला गेलो होतो. आम्ही नवराबायको, दोन मुले, आई आणि धाकट्या भावाचे कुटुंब असे नऊ जण. खर्च वाचावा म्हणून गॅसची छोटी शेगडी, कणीक, तांदूळ, डाळ, तेल, मसाला, भांडी सारे घरूनच नेले. मुले पाण्यात खेळली, पुरुष मंडळी झाडाखाली पत्ते खेळली, फोटो भरपूर निघाले. परत आल्यावर शेजारच्या काकूंनी आईला विचारले, "कशी झाली सहल?" आई म्हणाली, "हे सारे फिरून आले बाई. मी तं घरचीच चूल तिथं नेऊन पेटवली."

बोलणे हसत हसतच झाले. पण आम्हा दोघांच्या ते मनाला लागले. आईचे वय बहात्तर. पन्नास वर्षे तिने घर सांभाळले, त्यातली तीस वर्षे संसाराला हातभार म्हणून विड्या वळल्या. तिला विसावा मिळावा म्हणून सहल काढली आणि नऊ जणांचा स्वयंपाक तिच्याच गळ्यात टाकला. सोबत भावजय राबली. चूक कोणाची? सगळ्यांची. सहल कुठे काढायची याचा विचार आम्ही आठ दिवस केला होता. तिथे भांडी कोण घासणार याचा विचार मात्र कोणीच केला नव्हता.

म्हणून गेल्या जानेवारीत पुन्हा निघायचे ठरले, तेव्हा आम्ही बेत उलट्या बाजूने आखला. कुठे जायचे हे मागाहून. आधी प्रत्येकाने एका कागदावर लिहायचे, की या दोन दिवसांत मला काय नको. आईने नातीकडून लिहवून घेतले, "सैपाक नको, घाई नको." भावजयीने लिहिले, "दर तासाला चहा मागू नये." मुलांनी लिहिले, "अभ्यासाचे बोलणे नको." भावाने लिहिले, "ऑफिसचा फोन नको." वाचक भगिनींनो, हा कागद आपापल्या घरी एकदा जरूर करून पाहा. घरात कोण कशाने थकले आहे, हे त्या कागदावर दिसते.

जागा कोणती निवडावी?

सहल दोनच दिवसांची असेल तर जागा तीन-चार तासांत गाठता आली पाहिजे. नाहीतर अर्धी सुटी गाडीतच सरते. नागपूरकरांना या बाबतीत कमतरता नाही. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा ही सारी जंगले एका दिवसात जाऊन येण्याच्या टप्प्यात आहेत. आम्ही निवडले नवेगावबांध. कारण एकच. तिथे रानही आहे आणि तळेही आहे. ज्याला जंगलात हिंडायचे नाही, त्याला तळ्याच्या काठावर नुसते बसता येते. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी एवढे अवश्य पाहावे.

नवेगावबांध हे गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात येते. १९९९ पूर्वी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. तळ्यांचा मुलूख तो हाच. इथले बहुतेक तलाव कोहळी समाजाच्या शेतकऱ्यांनी धानाच्या शेतीसाठी बांधले. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असे सांगतात. तलावाचा पसारा सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. काठावर उभे राहिले की समोरची कड धुक्यात हरवते. भोवती टेकड्यांची रांग आहे, तिला लोक सात बहिणी म्हणतात. १९७५ साली इथले जंगल राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये जवळचे नागझिरा अभयारण्य व हे उद्यान मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. 'अरण्यऋषी' म्हणून महाराष्ट्राने ज्यांना ओळखले, ते मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत अनेक वर्षे इथेच होते. त्यांचे १८ जून २०२५ रोजी निधन झाले. त्यांचे 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक जाण्याआधी वाचनालयातून आणून वाचले, तर तळ्यावरचे पक्षी अनोळखी वाटणार नाहीत.

जायचे कसे आणि केव्हा?

नागपूरहून रायपूरचा महामार्ग धरावा. भंडारा, लाखनी, साकोली, सौंदड ही गावे मागे टाकली की कोहमारा येते. तिथून उजवीकडे वळावे. सारे अंतर सुमारे १४० किलोमीटर आहे. ज्यांना आगगाडी बरी वाटते, त्यांनी गोंदियाला उतरून बल्लारपूरकडे जाणारी गाडी धरावी. देवलगाव हे जवळचे स्थानक आहे, पण या मार्गावर गाड्या थोड्या, म्हणून वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. एस.टी.ने जायचे असल्यास साकोलीपर्यंत गाड्या पुष्कळ, पुढे मात्र ताटकळावे लागते. एक गोष्ट लक्षात ठेवा. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे. घरातल्या बायका-मुली आणि आजी-आजोबा मिळून हिशेब केला, तर भाड्याच्या गाडीपेक्षा एस.टी. किती स्वस्त पडते ते कळेल.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. थंडीत दूरदेशीची बदके तळ्यावर उतरतात आणि हवा सुखाची असते. मार्च-एप्रिलला मोह फुलतो, सकाळी झाडाखाली फुलांचा सडा पडतो, पण दुपारचे ऊन झेपत नाही. पावसाळ्यात जंगलाचा गाभा पर्यटकांना बंद असतो. शिवाय आठवड्यातला एक दिवस सफारीला सुटी असते, ती तारीख पाहूनच निघावे.

राहण्याची जागा फोन करून आधी पक्की करावी. "गेल्यावर पाहू" हा धीटपणा चार तरुण मित्रांनी करावा, म्हाताऱ्या आईला घेऊन करू नये. फोनवर चारच गोष्टी विचाराव्यात. खाली उतरून झोपावे लागेल की खाटा आहेत? संडास खोलीला लागून आहे की दूर? मच्छरदाणी मिळेल का? जेवण कोण करून देईल? खाटेचा आग्रह आम्ही धरतो, त्याला कारण आहे. मण्यार साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावतो. चावलेले दुखतही नाही, म्हणून कळत नाही. तेव्हा खाट, मच्छरदाणी आणि उशाशी टॉर्च ही तिन्ही हवीतच. तसेच काही झाल्यास, वेळ न दवडता, जवळच्या सरकारी दवाखान्यात नेणे हाच एक उपाय आहे. मांत्रिकाकडे जाणारी पिढी आपली नव्हे.

चूल घरीच ठेवा

यंदा आम्ही शेगडी नेली नाही. गावातल्या एका घरी दोन दिवसांच्या जेवणाचे आधीच सांगून ठेवले होते. भात, वरण, भाकरी, पालेभाजी आणि शनिवारी रात्री तळ्यातल्या मासळीचा रस्सा. नऊ जणांचे जे पैसे झाले, ते घरून नेलेल्या सामानापेक्षा थोडेसे जास्तच होते. पण एवढ्या पैशात घरच्या दोन बायांना दोन दिवसांची सुटी मिळाली आणि गावातल्या एका घराला चार पैसे मिळाले. हा व्यवहार आम्हाला महाग वाटला नाही.

खर्च कमी करायचा असेल तर दुसऱ्या बाजूने करता येतो. आम्ही नवे कपडे घेतले नाहीत, वाटेत हॉटेलात थांबलो नाही. सकाळच्या नाश्त्याला पुरी-भाजी घरून नेली. ती आदल्या रात्री आम्ही दोघा भावांनी केली, पुऱ्या थोड्या करपल्या आणि सगळ्यांनी निमूट खाल्ल्या. बाकीची कामेही वाटून दिली होती. पाण्याच्या बाटल्या मुलांकडे, अंथरुणे भावाकडे, औषधाची पिशवी आमच्याकडे. आईकडे काय? आईकडे फक्त तिचा चष्मा.

सामानाची यादी लहानच ठेवावी. प्रत्येकाला गरम स्वेटर, कानटोपी, फिकट किंवा मातकट रंगाचे कपडे, पायात बूट. रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या. सर्वांची ओळखपत्रे, कारण सफारीच्या फाटकावर ती दाखवावी लागतात. थोडे रोख पैसे, कारण रानात फोनला रेंज मिळतेच असे नाही. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. गाणी वाजवायचा मोठा डबा मात्र घरीच ठेवावा. आपल्याला गाणी आवडतात, म्हणून तळ्यावरच्या पाखरांनाही आवडतील असे नाही.

कार्यक्रमात रिकामी जागा सोडा

आमच्या मुलाने मोबाईलवर पाहून दोन दिवसांत दहा ठिकाणांची यादी केली होती. इटियाडोह धरण, प्रतापगड, गोठणगावची तिबेटी वसाहत आणि तिथला विहार, नागझिरा आणि आणखी किती तरी. ठिकाणे सारी पाहण्यासारखी आहेत. पण आईच्या कागदावर "घाई नको" असे लिहिलेले होते. तेव्हा यादीतली नऊ नावे पुढच्या खेपेसाठी राखून ठेवली. शनिवारी तळे, रविवारी पहाटे एक सफारी, बाकी वेळ मोकळा.

त्या मोकळ्या वेळात काय झाले? शनिवारी दुपारी जेवून आई झोपली. दुपारची झोपलेली आई आम्ही आजारपणाखेरीज कधी पाहिलीच नव्हती. मुले आधी कंटाळली, मग काठावर जाऊन बदके मोजू लागली. भावजय पायरीवर नुसती बसून होती. तिला विचारले, "काय विचार चालला?" ती म्हणाली, "काहीच नाही." मग हसून म्हणाली, "किती दिवसांनी काहीच नाही!"

संध्याकाळी गावात कळले, की जवळच्या खेड्यात रात्री नाटक आहे. हा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळीनंतर धान घरात आले की होळीपर्यंत इथे गावोगाव नाटके होतात, रात्री सुरू होतात आणि पहाटे संपतात. वडसा हे त्या मंडळ्यांचे मुख्य ठिकाण. आमची पहाटेची सफारी ठरलेली होती, म्हणून नाटक राहिले. आपण जाल तेव्हा एक रात्र त्यासाठी ठेवा.

वाघ दिसलाच पाहिजे असे नाही

सफारीची नोंदणी वनखात्याच्या संकेतस्थळावर आधी करावी लागते. एका जिप्सीत सहा जण बसतात, चालक आणि वाटाड्या वेगळे. सहलीतला सर्वांत मोठा खर्च हाच असतो. तेव्हा सहा जणांची जुळणी करून गेल्यास प्रत्येकी कमी पडतो. आम्ही सहा जण गेलो, भाऊ दोन लहानग्यांना घेऊन तळ्यावर थांबला.

पैसे भरले म्हणजे वाघ दिसलाच पाहिजे, असा हट्ट पुष्कळ लोक धरतात आणि चालकाच्या मागे लागतात. त्याचा परिणाम काय होतो? ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्हीकडून अडवली. त्याच्या चित्रफिती सर्वत्र फिरल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. लेकरांना घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या आईला कोणी असे अडवले तर आपण काय म्हणू? जंगल तिचे घर आहे, आपण दोन घटकांचे पाहुणे. आम्ही वाटाड्याला आरंभीच सांगितले, "भाऊ, वाघाच्या मागे धावू नका. जे दिसेल ते दाखवा."

तो विशी-बाविशीतला, जवळच्याच गावचा मुलगा होता. त्याने रानगवे दाखवले, चितळांचा कळप दाखवला, सागाच्या खोडावरची अस्वलाची नखे दाखवली. मग एका जागी गाडी थांबवून तो म्हणाला, "आजी, हा तेंदू."

आई पुढे वाकली. काळपट, भेगाळलेल्या सालीचे एक झाड आणि त्याच्या भोवती गुडघ्याएवढी झुडपे. ती कितीतरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "हेच का माय ते पान? तीस वर्षं हातात धरलं. झाड आज पाहिलं."

वाचकहो, तीस वर्षे तिच्या मांडीवर सूप होते. कारखानदाराच्या माणसाकडून पाने आणायची, ती रात्री भिजवायची, पत्र्याच्या साच्यावर कात्रीने कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. हजार विड्यांमागे मजुरी, त्यातूनही छाट म्हणून किती तरी बाजूला काढल्या जायच्या. आपल्या कित्येक घरांतल्या पोरांच्या शाळेच्या फिया याच सुपातून निघाल्या. त्या पानाची नाडी अन् नाडी तिच्या बोटांना पाठ होती. पण ते येते कुठून, हे पाहायला तिला कधी सवड मिळाली नाही.

वाटाड्या म्हणाला, "माझी माय मे महिन्यात हेच पान तोडाले जाते, आजी. पहाटेच निघते. दुपारी घरी बसून पुडे बांधतो आम्ही सारे, मंग फळीवर नेऊन देतो."

"उन्हाचं जाते? अन् वाघाची भीती नाही लागत?"

"लागते जी. पण पान त्याच दिवसांत निघते."

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला आणि पुढे विदर्भातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा व्यवहार स्वतः करू लागल्या, हेही त्याने सांगितले. आई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुह्या मायनं तोडलं अन् म्या वळलं बाबू. दोघीबी एकाच पानावर जगलो." फाटकावर उतरताना तिने पदराच्या गाठीतले शंभर रुपये त्याच्या हातावर ठेवले आणि बजावले, "मायले चप्पल घेशील."

वाघ आम्हाला दिसला नाही. परतताना त्याची आठवणही कोणी काढली नाही.

सुटी ही कोणाची?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या वेळी त्यांनी कारखान्यातल्या कामगारांसाठी पगारी रजेचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले आणि १९४५ साली त्याचा कायदा झाला. राबणाऱ्या माणसालाही विसाव्याचा हक्क आहे, हे त्यामुळे कागदावर आले. पण तो कायदा कारखान्याच्या फाटकाशी थांबला. ओट्यावर बसून हजारांच्या हिशेबाने विड्या वळणाऱ्या बाईला ती रजा मिळाली नाही आणि चुलीपुढच्या बाईसाठी तर कायदाच नाही. तिची रजा घरच्यांनीच मंजूर करायची असते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की आपण जरूर रानात जा. नवेगावला जा, नाहीतर आपल्या गावाजवळच्या एखाद्या पाझर तलावावर जा. मुंबई-पुण्याकडच्या वाचकांना त्यांच्या जवळची राने ठाऊक असतीलच. ठिकाण मोठे असले पाहिजे असे नाही आणि खर्चही मोठा हवा असे नाही. पण निघण्याआधी तो कागद घरात फिरवा आणि त्यावर सर्वांत शेवटी लिहिणारीला सर्वांत आधी लिहायला द्या.

रविवारी संध्याकाळी घरी आलो. शेजारच्या काकूंनी दारातच विचारले, "कशी झाली वो सहल?" आई पायातल्या वहाणा काढत म्हणाली, "झोपली बाई मी. दुपारची झोपली." आणि तिने आत हाक दिली, "चहा कोण ठेवते रे आता?"

भाऊ उठला.